सांजांवची उडी आणि रोमचं पंचांग

२४ जून म्हणजे आपल्याकडे मृग सरून आर्द्रा लागलेली असते. तरवा हिरवागार झालेला असतो, विहिरींचं पाणी वर चढू लागलेलं असतं, आणि बार्देस-तिसवाडी-सासष्टीच्या वाड्यावाड्यांतून डोक्यावर पानाफुलांची कोपेलां घातलेले लोक घुमट-कांसाळं वाजवत, 'व्हिवा सांजांव' ओरडत विहिरींत धडाधड उड्या घेत असतात. वर्षभरात लग्न झालेला जांवई असेल तर त्याची त्या दिवशी खास बडदास्त. सासरी मान, वर फेणी, आणि मग विहिरीत ढकलणी. आम्ही हिंदूंची पोरं काठावर उभी राहून बघायचो आणि आलेली फणस-अननसाची फोड हक्काने खायचो.

सांजांव म्हणजे सेंट जॉन, बाप्तिस्मा देणारा योहान. उडीचा अर्थ कुणाही ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारा, तो सांगतो तो असा. मारिया गरोदर असताना आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला गेली. एलिझाबेथच्या पोटी तेव्हा योहान होता, आणि मारियेचा आवाज कानी पडताच पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. लूकच्या शुभवर्तमानात ही गोष्ट आहे. विहीर म्हणजे आईचं पोट आणि आपली उडी म्हणजे त्या बाळाची उडी. गोष्ट सुंदर आहे आणि मला ती मनापासून आवडते.

पण ती उडीचं कारण सांगते, तारखेचं नाही. २४ जूनच का?

हा प्रश्न निघाला की कचेरीत चहाच्या वेळी कोणीतरी हमखास म्हणतोच, "अरे, हे सगळे पेगन सण. नाताळ सूर्याचा, ईस्टर कुठल्याशा देवीचा, सांजांवही तसलाच. ह्यांनी सगळं चोरलं." बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समाधान असतं. ते समाधान मला समजतं, कारण आमची देवळं ज्या काळात पाडली गेली त्याची आठवण गोव्यात अजून पुसलेली नाही. पण समाधान म्हणजे पुरावा नव्हे. गेली काही वर्षं सवड मिळेल तसा मी ह्या विषयाच्या मागे आहे. त्यातून हाती जे लागलं ते 'चोरलं' ह्या शब्दापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या मते जास्त मजेशीरही.

आधी 'पेगन' हा शब्दच बघा. लॅटिनमध्ये 'पागुस' म्हणजे गावाकडचा मुलूख आणि 'पागानुस' म्हणजे तिथला माणूस. आपल्या भाषेत सांगायचं तर गावठी! जुने देव धरून बसलेल्यांना रोममधल्या ख्रिस्ती लोकांनी हे नाव दिलं. गोव्यात पोर्तुगीज आपल्याला 'जेंतियु' म्हणत, त्याचा वासही साधारण तसाच. म्हणजे 'पेगन' असं कोणी स्वतःला म्हणवून घेत नव्हतं, तो दुसऱ्याने मारलेला शिक्का होता.

आता तारीख. लूक सांगतो की देवदूत मारियेकडे आला तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना चालू होता. म्हणजे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. येशूचा जन्म २५ डिसेंबरला धरला की योहानाचा आपोआप जूनच्या शेवटच्या आठवड्यात येतो. मग २५ जून का नाही? इथे रोमचं पंचांग कामाला येतं. रोमन लोक तारखा पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजत, दोन्ही टोकांचे दिवस धरून. १ जानेवारीपासून मागे आठवा दिवस म्हणजे २५ डिसेंबर. १ जुलैपासून मागे आठवा दिवस म्हणजे २४ जून, कारण जून तीस दिवसांचा. त्यांच्या हिशेबात दोन्ही तारखा हुबेहूब एकच होत्या: 'आठवा दिवस'. आपल्याकडे कसं, कार्तिकातली एकादशी आणि आषाढातली एकादशी, तसं.

आणि हे 'आठवे दिवस' साधे नव्हते. थोरला प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात लिहितो त्याप्रमाणे, वर्षातला सर्वांत लहान दिवस आणि सर्वांत मोठा दिवस रोमन लोक ह्याच सुमाराला धरत. आकाशातली खरी अयनं तोवर दोन-तीन दिवस मागे सरकली होती, पण पंचांगात तारीख तीच राहिली. (हे आपल्याला नवीन नाही. आपली मकरसंक्रांत खऱ्या उत्तरायणापासून तीन आठवडे दूर गेली तरी तिळगूळ आपण १४ जानेवारीलाच वाटतो.) थोडक्यात, येशूचा जन्मदिवस रोमच्या उत्तरायणावर बसला आणि योहानाचा दक्षिणायनावर.

हा योगायोग नव्हे हे ख्रिस्ती धर्मगुरूंनाही ठाऊक होतं आणि ते त्यांनी लपवलेलं नाही. उत्तर आफ्रिकेत हिप्पो नावाचं शहर होतं, तिथले बिशप संत ऑगस्टीन, मृत्यू इसवी सन ४३०. ते आपल्या प्रवचनांत उघड सांगतात की येशू जन्मला तेव्हापासून दिवस वाढू लागतात, योहान जन्मला तेव्हापासून दिवस घटू लागतात, आणि योहान स्वतःच म्हणाला होता की येशूने वाढावं आणि आपण घटावं. सूर्याच्या चालीचा असा उपयोग करून घ्यायला त्यांना काही संकोच वाटलेला दिसत नाही.

तर मग 'सूर्याचा सण चोरला' हे खरं की काय?

सर्वांत जुना कागद पाहू. इसवी सन ३५४ साली रोममध्ये एक सचित्र पंचांग-पोथी तयार झाली. फिलोकालुस नावाच्या नामवंत सुलेखनकाराने ती एका श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थासाठी बनवली. तिच्यात दोन वेगवेगळ्या याद्या आहेत. एका यादीत २५ डिसेंबरपुढे 'अजिंक्याचा जन्मदिवस' आणि रथांच्या तीस शर्यती अशी नोंद आहे. अजिंक्य म्हणजे बहुधा सोल इन्विक्तुस, अजिंक्य सूर्य, ज्याचं भव्य देऊळ ऑरेलियन बादशहाने २७४ साली रोममध्ये उभारलं. दुसरी यादी हुतात्म्यांच्या दिवसांची, तिचा मूळ मजकूर ३३६ सालचा मानतात. तिच्यात त्याच तारखेला 'येशू बेथलेहेमला जन्मला' अशी नोंद आहे. एकाच पोथीत, एकाच माणसाच्या घरात, दोन्ही जन्मदिवस! नाताळच्या तारखेचा हा सर्वांत जुना पक्का पुरावा, आणि सूर्याच्या त्या जन्मदिवसाचाही हाच.

म्हणजे आधी कोण, हे त्या पोथीवरून ठरत नाही. सूर्याचा सण आधी होता आणि चर्चने त्यावर आपला बसवला, असं अनेक विद्वान मानतात. दुसरा पक्ष वेगळा हिशेब मांडतो. येशूला २५ मार्चला क्रुसावर चढवलं अशी समजूत इसवी सन २०० च्या सुमारास तेर्तुल्लियन ह्या लेखकाने नोंदवलेली आहे. थोर पुरुषाचं आयुष्य पूर्ण भरलेलं असावं ह्या भावनेने त्याचा गर्भात प्रवेशही त्याच तारखेचा धरला, आणि २५ मार्चला नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर. ह्यात सूर्यदेवाची गरजच पडत नाही. सूर्याच्या सणामुळे ख्रिस्ती लोकांनी तारीख बदलली असं उघड म्हणणारं लिखाण सापडतं ते थेट बाराव्या शतकातल्या एका सीरियन ग्रंथाच्या समासात, कोणा नकलकाराने लिहिलेलं. आठशे वर्षांनंतरचं! माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टी एकाच हवेत वाढल्या. ज्या शहरात सगळेच उत्तरायणाला मानत होते, तिथे कोणाचाही मोठा जन्मदिवस त्याच तारखेकडे ओढला जाणार.

मित्र देवाचं मात्र सोडून द्या. 'रोमन मिथ्रासचा जन्म २५ डिसेंबरचा, तो म्हणजे आपला वेदांतला मित्र, म्हणून नाताळ मूळचा आपला' ही साखळी ऐकायला छान वाटते. पण मिथ्रासचा जन्म त्या तारखेला होता असं सांगणारा एकही प्राचीन पुरावा नाही. साखळीची मधली कडीच नाही तर पुढे ओढायचं काय?

आता पुन्हा जूनकडे येतो, कारण मला खरी गंमत वाटली ती तिथे.

रोमन कवी ओव्हिड याने वर्षभराच्या सणांवर एक काव्य लिहिलं, 'फास्ती' नावाचं. त्यात २४ जूनला फोर्स फोर्तुना ह्या दैवाच्या देवतेचा सण आहे. तिचं देऊळ टायबर नदीपलीकडे होतं आणि ती गोरगरिबांची, गुलामांची लाडकी होती. त्या दिवशी लोक काय करत? फुलांच्या माळांनी सजवलेल्या होड्यांत बसून, दारू पीत, नदीतून मजा करत देवळाला जात.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. कारण २४ जूनला फुलांनी सजवलेल्या होड्या, पोटात थोडी फेणी, नदीतून गात-वाजवत एका देवस्थानाकडे, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. शिवोलीला! सांजांवच्या कपेलापाशी आसपासच्या गावांतल्या होड्या अशाच येतात. तारीखसुद्धा तीच.

मोह अगदी अनावर होतो. दोन हजार वर्षांची सरळ रेघ ओढावी, रोम ते शिवोली! पण मधला एकही दुवा हाती नाही. टायबरवरचा तो सण शिवोलीपर्यंत कोणी आणला ते दाखवता येत नाही. आणि ज्या गावाला नदी आहे, होड्या आहेत, फुलं आहेत आणि फेणी आहे, त्या गावाला हे सुचायला रोमची गरज आहे का? सारखेपणा म्हणजे मूळ नव्हे. दोन माणसांची नाकं सारखी म्हणून ती भाऊ ठरत नाहीत.

पाण्याचा धागा मात्र थोडा बळकट आहे. तेच संत ऑगस्टीन एका प्रवचनात आपल्या लोकांवर रागावतात. योहानाच्या सणाला ख्रिस्ती लोक समुद्रावर जाऊन अंघोळी करतात, हा पेगन रिवाज आहे, बंद करा, असा त्या रागाचा आशय. म्हणजे पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सांजांवच्या दिवशी लोक पाण्यात शिरत होते. पुढे सातव्या शतकात फ्रान्समधले बिशप एलिजियुस, त्यांच्या चरित्रात नोंदलेल्या उपदेशात, योहानाच्या सणाला नाचू नका, उड्या मारू नका, सैतानी गाणी म्हणू नका असं बजावतात. उड्या मारू नका! युरोपभर त्या रात्री होळ्या पेटत आणि त्यांवरून उड्या घेत. पोर्तुगालात पोर्तो, ब्रागा ह्या शहरांत सांजांवच्या रात्रीची शेकोटी आणि तिच्यावरची उडी हा जुना रिवाज आहे.

इथे मी जरा थांबतो आणि माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो. सरकारी कचेरीत वीस वर्षं परिपत्रकं फाइलला लावली की माणूस एक शिकतो. 'अमुक करू नये' असं परिपत्रक निघालं म्हणजे लोक ते करत होते. तेच परिपत्रक दहा वर्षांनी पुन्हा निघालं म्हणजे लोक ते अजून करत आहेत. जुन्या काळच्या लोकांच्या रीतींबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं अशा रागावलेल्या कागदांतून कळतं. ऑगस्टीन चिडले नसते तर त्या समुद्रस्नानाचा आपल्याला पत्ताही नसता.

'पेगन, पेगन' हा ओरडाही मुळात ह्याच घरातला. इंग्लंडात कडव्या प्युरिटन पंथीयांनी नाताळ म्हणजे पेगन आणि पोपचा सण म्हणून १६४७ साली संसदेकडून तो रद्दच करवला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर हिस्लॉप ह्या स्कॉटिश पाद्र्याने कॅथलिक पंथ म्हणजे जुना बॅबिलोनी धर्मच, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. आज जे निरोप आपल्या हाती फिरतात, त्यांतला अर्धा माल प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांना हिणवण्यासाठी तयार केलेला आहे. आपण तो उसना घेऊन शेजारच्या पेद्रूला ऐकवतो, एवढंच.

ईस्टरचंही असंच. ईओस्त्रे नावाच्या देवीवरून ते नाव आलं असं बीड ह्या इंग्लिश मठवासी इतिहासकाराने ७२५ साली एका ओळीत लिहून ठेवलं आहे. त्या देवीबद्दल दुसरा कुठलाही जुना लेख नाही. आणि देवी खरी असली तरी तिने फक्त इंग्रजी-जर्मन नावाचा उलगडा होतो. पोर्तुगीजांत त्या सणाला 'पास्कुआ' म्हणतात, आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कोंकणीत 'पास्कांचें फेस्त'. हे नाव ज्यूंच्या पेसाख सणावरून आलं. गोव्यात तरी ईओस्त्रेबाईंचा काही संबंध पोचत नाही.

ह्याच बीडने एक पत्र जपून ठेवलं, आणि माझ्या मते ह्या साऱ्या विषयात त्याहून महत्त्वाचा कागद नाही. पोप पहिला ग्रेगरी, साल ६०१. इंग्लंडात धर्मप्रसार नुकता सुरू झाला होता. केंटच्या राजाला ग्रेगरीने जूनमध्ये पत्र लिहिलं की मूर्तिपूजा बंद कर, देवळं पाड. महिनाही नीट उलटला नाही तोच त्याचं मन बदललं. तिकडे निघालेल्या मेलितुस ह्या धर्मगुरूला त्याने मागाहून लिहिलं की आपण पुष्कळ विचार केला, देवळं पाडू नका. आतल्या मूर्ती तेवढ्या नष्ट करा, देवळावर पवित्र पाणी शिंपडा, वेदी उभारा. लोकांना त्या जागेची सवय आहे, ते तिथेच येतील. देवांना बैल कापायची त्यांची रीत आहे, तर संतांच्या दिवशी देवळाभोवती फांद्यांचे मांडव घालून तिथेच त्यांना जेवणावळ करू द्या. त्यांच्याकडून सगळं एकदम काढून घेता येणार नाही, उंच चढायचं तर पायरीपायरीनेच.

ह्या पत्राला मवाळ म्हणावं की धूर्त, हे ज्याचं त्याने ठरवावं. मूर्ती फोडायच्याच होत्या, हे विसरू नये. पण ह्या पत्राची ही समजूत आमच्या वाट्याला आली नाही. गोव्यात १५४० मध्ये तिसवाडीतली आणि १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पडली. मंगेश कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून अंत्रुजात आली ती ह्याच धामधुमीत. १५६० साली इन्क्विझिशन आलं आणि मध्ये चार वर्षांचा खंड सोडला तर १८१२ पर्यंत बसलं. ग्रेगरीचं पत्र इथल्या पाद्र्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही, बीडचा ग्रंथ काही गुप्त नव्हता. फरक साधा होता. ग्रेगरीच्या माणसांजवळ सैन्य नव्हतं, इथल्यांच्या मागे आरमार उभं होतं. ज्याच्या हाती दंडुका असतो त्याला पायऱ्या बांधायचा कंटाळा येतो.

आणि तरी काय झालं? १४ एप्रिल १७३६ चा इन्क्विझिशनचा फतवा वाचा. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इन्क्विझिशनवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा परिचय करून दिला आहे. देवळं पडून दोनशे वर्षं होत आली होती, लोक सात-आठ पिढ्यांचे ख्रिस्ती होते. फतवा कशावर बंदी घालतो? लग्नात आपल्या रीतीची गाणी म्हणण्यावर. नवरानवरीला हळद आणि नारळाचा रस चोळण्यावर. विडे वाटण्यावर. घरात तुळस लावण्यावर. पुडवें नेसण्यावर, चोळी घालण्यावर. आणि हे माझं सर्वांत आवडतं: भात मीठ न घालता शिजवून मागाहून मीठ घेण्यावर! म्हणजे इन्क्विझिशनचे अधिकारी घराघरांतल्या पेजेच्या मडक्यात डोकावत होते. माझ्या मघाच्या नियमाने वाचलं तर हा फतवा म्हणजे गोव्याच्या ख्रिस्ती घरांत १७३६ साली काय काय जिवंत होतं त्याची सरकारी यादीच आहे.

त्यातली गाण्यांवरची बंदी मला विशेष खटकते. फादर थॉमस स्टीफन्सनी मराठी ओवीत रचलेलं 'क्रिस्तपुराण' राशोलला १६१६ साली छापलं गेलं होतं. ज्या ओवीतून त्यांनी येशू-योहानाची कथा इथल्या नवख्रिस्तींना ऐकवली, त्याच मातीतली लग्नगीतं शंभर-सव्वाशे वर्षांनी गुन्हा ठरली. मधे १६८४ साली लोकभाषाच सोडून देण्याचा हुकूम व्हाइसरॉयने काढला होता. स्टीफन्स हे ग्रेगरीच्या पायऱ्यांवर चालणारे होते म्हणायला हरकत नाही, पण त्यांच्यामागून आलेले तसे नव्हते.

आज कुठल्याही ख्रिस्ती लग्नाच्या आदल्या दिवशी जा. नवऱ्याला, नवरीला पाटावर-खुर्चीवर बसवून नारळाचा रस चोळतात. त्याला 'रोस' म्हणतात. घरातली मोठी बाई आधी हात लावते, मग बाकीच्या. फतवा गेला, रोस राहिला. आणि तुळशीचं म्हणाल तर पोर्तुगालात जूनच्या संतांच्या सणांत, सांजांवलाही, 'मांजेरिकु'ची कुंडी भेट द्यायची पद्धत आहे. मांजेरिकु म्हणजे बारीक पानांची सब्जा, तुळशीची चुलतबहीण! तिकडे ती संताची, इकडे तिची बहीण सैतानाची.

सणांच्या बाबतीतही लोकांनी कोणाचं पत्र वाट न बघता आपल्या वर्षाशी त्यांची गाठ घातली. ५ ऑगस्ट हा रोममध्ये 'हिमाच्या मातेचा' दिवस. भर उन्हाळ्यात तिथल्या टेकडीवर बर्फ पडलं अशी त्याची आख्यायिका आहे. हा सण सासष्टीत राय गावी आला. बर्फाचं इथे काय करणार? तिथे त्या दिवशी नव्या भाताची कणसं कापून इगर्जीत नेतात. ताळगावचं कणसाचं फेस्त २१ ऑगस्टला. गावकर शेतात उतरतात, पाद्री कणसं आशीर्वादतो, वाजतगाजत ती इगर्जीत येतात, मग घरोघर. आणि आपल्याकडे चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम, कणसं गणपतीपुढे ठेवून दारावर बांधायची. इथे मला मूळ शोधायला रोमला जावं लागत नाही. भात त्याच सुमाराला पोटरतं, गावकरी त्याच पद्धतीची, आणि पहिलं कणीस आपण आधी खायचं नसतं ही भावना धर्म बदलला म्हणून बदललेली नाही.

पण प्रत्येक वेळी उत्तर इतकं सरळ मिळत नाही. नाताळच्या गोठ्यात पोरं नाचणीचे अंकुर उगवून हिरवं शेत करतात. नवरात्रातली आपली रुजवण पाहिलेल्या माणसाला वाटतं, झालं, सापडलं! पण पोर्तुगालच्या दक्षिणेला आल्गार्वमध्ये आणि मादैरा बेटावर बाळ येशूच्या देव्हाऱ्याभोवती गव्हाच्या अंकुरांची वाडगी ठेवायचा जुना रिवाज आहे. मग गोव्यातली हिरवळ कुठून आली, घटातून की जहाजातून? कदाचित दोन्हींकडून. ज्याच्या घरी रुजवण आधीच होती त्याला जहाजातून आलेली वाडगी परकी वाटली नसेल.

सांजांवबद्दल माझा अंदाज असाच आहे. तारीख रोमच्या पंचांगाची, संत बायबलातला, उडी पोर्तुगालच्या शेकोटीवरची असेल. पण लिस्बनला जूनचा दिवस जवळजवळ पंधरा तासांचा आणि डिसेंबरचा साडेनऊ तासांचा. तिथे सूर्याचं मागे फिरणं हाडांत जाणवतं. आपल्याकडे तेरा आणि सव्वाअकरा, कोण मोजतो? त्यातून २४ जूनला गोव्यात सूर्य दिसला तर नशीब. शेकोटी पेटवायची म्हटली तरी लाकडं ओली. वर्षाचा तीन मीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो आणि त्याची ती सुरुवात असते. सूर्याच्या वळणाचा सण इथे आला आणि पावसाचा झाला. आग विझली, विहीर उरली. ऑगस्टीनच्या आफ्रिकेतले लोकही पाण्यातच शिरत होते, पण गोव्याच्या माणसाला त्यासाठी ऑगस्टीन वाचावा लागला नाही, त्याच्या दारात विहीर भरत होती.

हल्ली मोठ्या हॉटेलांत सांजांवच्या पार्ट्या होतात, तिकीट लावून. शहरगावचे पर्यटक प्लॅस्टिकच्या फुलांची कोपेलां घालून निळ्या टाकीत उड्या मारतात. वाड्यावरच्या कितीतरी विहिरींवर जाळ्या बसल्या, काही बुजवल्या. शिवोलीच्या होड्या मात्र अजून येतात. पुढे २९ जूनला, सांपेद्रूच्या फेस्ताला, कांदोळीला ओर्डा भागात रांपणकार दोन होड्या शेजारी-शेजारी बांधून त्यांवर रंगमंच करतात आणि नाटकं-गाणी म्हणत नदीतून जातात. त्याला 'सांगोड' म्हणतात. गणेशोत्सवात कुंभारजुव्याला अशाच जोडहोड्यांवर चित्ररथ उभारून गणपती पाण्यातून नेतात, आणि त्यालाही सांगोडच म्हणतात. सांगड घालणे म्हणतो ना आपण, त्यातलीच ही सांगड. दोन होड्या, वर आडव्या फळ्या, आणि घट्ट आवळलेली दोरी. हा शब्द लॅटिन नाही आणि पोर्तुगीजही नाही.